योसेमिटीतलं ‘हेच हेची’ धरण पाडावं का?

देवराईप्रेमी:
कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत हिमनद्यांनी कोरलेली, एकमेकींशी साम्य असलेली दोन खोरी आहेत. एक बघायला जग लोटतं. दुसरं, हेच हेची, १९२३ पासून पाण्याखाली. राष्ट्रीय उद्यान झालं १८९० मध्ये आणि १९१३ च्या रेकर कायद्याने त्याच उद्यानात सॅन फ्रान्सिस्कोला धरणाची परवानगी मिळाली. निसर्गरक्षक जॉन म्युर शेवटपर्यंत विरोधात लढले, पुढच्याच वर्षी गेले. कोलाना कडा, वापामा धबधबा आजही दिसतो. तळातली कुरणं, ओक-पाइनची झाडी, टुओलुमनी नदीचं पात्र बुडालं. पाडा ते धरण!

खाडीकाठची:
माझ्या घरी हेच पाणी येतं. २७ लाख लोक त्यावर अवलंबून आहेत. डोंगरातून उताराने येतं, इतकं स्वच्छ की गाळावंही लागत नाही. २०१२ मध्ये जलाशय रिकामा करण्याचा आराखडा करावा का, असं शहरात मतदान झालं, तेव्हा तीन चतुर्थांशांहून जास्त लोक नको म्हणाले. आणि मुंबईचे विहार-तुळशीही राष्ट्रीय उद्यानातच आहेत ना?

देवराईप्रेमी:
विहार १८६० चा, उद्यान कितीतरी नंतरचं. इथे आधी उद्यान, मग धरण. संरक्षण दिलेलं मोडलं, माझा राग त्याचा आहे. पाणी तोडा असं मी म्हणतच नाही. त्याच नदीवर खाली डॉन पेड्रो जलाशय आहे, पाचपटीहून मोठा. तिथे साठवा.

कालवेकर:
डॉन पेड्रो मोडेस्टो आणि टर्लॉकच्या सिंचन संस्थांचा आहे. दुष्काळात शेतकरी शहराला जागा का देतील? शिवाय ते पाणी गाळावं लागेल, वीजनिर्मितीही घटेल.

रानवाट:
अमेरिकेतल्याच वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानात एल्वा नदीवरचं ग्लाइन्स कॅन्यन धरण २०१४ पर्यंत काढलंच की. सॅल्मन मासे पुन्हा वरपर्यंत जायला लागले.

कालवेकर:
ते धरण विजेसाठी होतं, लाखोंच्या पिण्याच्या पाण्यासाठी नाही. हेच हेची बुडवणं चूकच होती, हे मला मान्य आहे. पण पर्याय उभा राहण्याआधी हात लावू नये. शहर या खोऱ्यासाठी केंद्राला वर्षाला ३०,००० डॉलर भाडं देतं, तेही १९१३ च्याच कायद्यानुसार! आधी ते वाढवा.

देवराईप्रेमी:
भाडं जरूर वाढवा, आणि तो पैसा गाळणी केंद्र आणि डॉन पेड्रोच्या करारासाठीच राखून ठेवा. नुसतं भाडं वाढलं तर बुडालेलं खोरं कायमचं भाड्याने दिल्यासारखं होईल, आणि त्याला माझा विरोधच राहील.