शब्दचर्चा: खातरी, भरवसा, विसार, समाधान (संकटातली ख्रिस्ती 'ॲश्युरन्स' मराठीत कशी म्हणायची?)

दौतटाक

रुग्णाच्या उशाशी ठेवायच्या एका चारपानी पत्रिकेचं भाषांतर चालू आहे. वाचणारे मराठी ख्रिस्ती: काही नगरकडचे, काही वसईचे. अडलंय दोन शब्दांवर. 'ॲश्युरन्स'ला आश्वासन, हमी, खातरी, भरवसा, निश्चिती यांतलं काय घ्यावं? आणि 'पीस'ला सरसकट शांती चालेल का? आजाराला 'परीक्षा' म्हटलेलं आजारी माणसाला कसं वाटेल, तेही सांगा.

मोडीवाचक

आश्वासन बाद. मूळ अर्थ सुंदर आहे, आ + श्वस्, म्हणजे अडकलेला श्वास पुन्हा मोकळा होणं. विश्वासही त्याच श्वस् धातूचा. पण निवडणुकांनी त्या शब्दाची पार रया घालवली. आज 'देवाचं आश्वासन' वाचलं की मनात पुढचं वाक्य येतं, पाळलं का मग?

हमी म्हणजे गॅरंटी कार्ड. वस्तू बिघडली तर बदलून मिळेल. नको.

खातरीकडे मात्र नीट बघा. मूळ अरबी 'खातिर', अर्थ मन, चित्त. त्याचाच जोडशब्द खातरजमा: खातिर + जमा, म्हणजे मन एका जागी गोळा झालेलं. जुन्या मराठीत खातरजमा म्हणजे निश्चिंतपणा. आज आपण 'कागदपत्रांची खातरजमा करा' एवढ्यालाच तो वापरतो. तुमचे दोन्ही प्रश्न, भरवसा आणि मनःशांती, या एका शब्दात नांदत होते. आता त्याला कचेरीचा वास लागलाय, म्हणून पत्रिकेत वापरा असं म्हणणार नाही.

पिंपळपान

खातरी हाच रुळलेला शब्द आहे. इब्रीकरांस पत्र, अध्याय ११, ओवी १ मध्ये प्रचलित मराठी बायबलात आशा धरलेल्या गोष्टींविषयी 'भरवसा' आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल 'खातरी' अशी जोडी आहे. ग्रीकमध्ये तिथे दोन वेगळे शब्द आहेत, हुपोस्टासिस आणि एलेंखॉस. भरवसा आणि खातरी एकमेकींच्या जागी फिरवू नका. पहिल्यात पायाखालची भक्कम जमीन आहे, दुसऱ्यात पुरावा.

'पूर्ण खातरी' या अर्थाचा ग्रीक शब्द तिसराच, प्लेरोफोरिया. नव्या करारात तो फक्त चार वेळा येतो: कलस्सै २:२, १ थेस्सलनी १:५, इब्री ६:११ आणि १०:२२. काठोकाठ भरलेपणाचं चित्र आहे. काठोकाठ म्हटलं की थोडंसं भरलेलंही असू शकतं, हे ओघानं आलंच. आजाऱ्याला सांगण्यासारखं नेमकं हेच: खातरी कमी-जास्त होते, म्हणून विश्वास संपला असं नाही.

खरेदीखत

हुपोस्टासिसचा अर्थ काही अभ्यासक जुन्या पपायरस कागदांवरून 'मालकीचा दस्त' असाही लावतात. थोडक्यात, विश्वास म्हणजे न दिसणाऱ्या मालमत्तेचा सातबारा.

बांधावरचा

खरेदीखत, हे नाव घेऊन तुम्हीच असं लिहावं! सातबारा हा महसुली उतारा. त्यानं मालकी सिद्ध होत नाही, न्यायालयांनी कितीदा तरी सांगितलंय. उपमा द्यायचीच तर तुमच्या स्वतःच्या नावाची द्या.

त्यापेक्षा बायबलातच जमीन-व्यवहारातला अस्सल शब्द आहे तो घ्या. विसार, म्हणजेच इसार. २ करिंथ १:२२, ५:५ आणि इफिस १:१४, तिन्हीकडे ग्रीक शब्द अर्राबोन. नव्या करारात एवढ्याच तीन जागा. पवित्र आत्मा हा पुढे मिळणाऱ्या वतनाचा विसार आहे, असं ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो. इसारपावती केलेल्या कुणालाही हे फोड करून सांगावं लागत नाही. पण भाषांतरात इथे हमखास घोटाळे होतात, म्हणून नीट मांडतो.

अनामत: काम झालं की परत करायची रक्कम. इथे चूक, कारण देव दिलेला आत्मा परत मागत नाही.

तारण किंवा गहाण: कर्ज फिटलं की सोडवून न्यायची वस्तू. इथेही चूक. शिवाय मराठी ख्रिस्ती माणसासाठी 'तारण' म्हणजे मुक्ती, आणि पतपेढीच्या पाटीवर 'सोनेतारण कर्ज'. एका परिच्छेदात दोन्ही आले तर वाचणारा गोंधळलाच समजा.

विसार: ठरलेल्या किमतीतलाच पहिला हप्ता. उरलेल्याच जातीचा, फक्त थोडा. आणि मुख्य म्हणजे तो देतो विकत घेणारा. त्यानं व्यवहार मोडला तर बुडतो त्याचाच. पौलाच्या वाक्यात विसार देणारा देव आहे, माणूस नाही. म्हणजे खातरी माझ्या मुठीच्या घट्टपणावर नाही, ज्यानं पैसे मोजले त्याच्यावर आहे. ताप १०३ असलेल्या माणसाची मूठ सैलच असणार.

पिंपळपान

बांधावरचा, भले! एक पुरवणी. अर्राबोन मुळात ग्रीक नव्हेच, सेमिटिक व्यापाऱ्यांकडून आलेला. हिब्रूत एराबोन. उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायात यहूदा करडू पाठवीपर्यंत म्हणून मुद्रा, गोफ आणि काठी तामारेकडे ठेवतो, तिथे हाच शब्द आहे. पण तिथला अर्थ तुमच्या यादीतलं गहाण, कारण करडू देऊन वस्तू सोडवायच्या होत्या. एकच शब्द, उत्पत्तीत गहाण आणि पौलाकडे विसार. आजच्या ग्रीकमध्ये 'अर्राव्होनास' म्हणजे साखरपुडा!

तांडेल

इब्री ६:१९ पण घ्या. आशा ही जिवाचा नांगर. देशावर हे वाचलं की डोळ्यांपुढे बैल येतात. तिथे 'गलबताचा नांगर' असं स्पष्ट लिहावं.

नांगर कसा धरतो तेही महत्त्वाचं आहे. निव्वळ वजनानं नाही, आडव्या ओढीनं. दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट सोडायचा. कमी सोडला तर ओढ वर लागते, दांडा उचलला जातो, नांगर तळावरून घसरत जातो. वादळात म्हणूनच दोर आवळत नाहीत, आणखी सोडतात. आणि नांगर टाकला म्हणून होडी हलायची थांबत नाही. हलते, फक्त वाहून जात नाही. घाबरलेल्या विश्वासणाऱ्याला 'तू हलतोस म्हणजे तुझा नांगर सुटला' असं कुणी सांगू नये.

मोडीवाचक

वा. आता शांतीकडे वळू.

शांतता म्हणजे आवाज नसणं. 'शांतता राखा' ही वॉर्डातली पाटी. शांती वेगळी. पण तिलाही मराठीत दोन सवयी आहेत: ग्रहशांती-वास्तुशांतीतलं शमन, आणि 'मृतात्म्यास शांती लाभो'. ही दुसरी सवय तुमच्या पत्रिकेसाठी धोक्याची. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'शांती लाभो' छापलंत तर रुग्ण दचकेल.

हिब्रू शालोमच्या धातूत अख्खेपणा आहे. त्याच धातूच्या क्रियापदाचा अर्थ भरपाई करणं, देणं फेडणं. याला मराठीत जवळचा शब्द समाधान: सम् + आ + धा, विस्कटलेलं नीट एकत्र ठेवणं. 'चित्ती असू द्यावे समाधान' हे तर प्रत्येक मराठी कानात आहे. नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणत, तेव्हा परका शब्द वाटायचं कारण नाही.

पिंपळपान

समाधान चांगला, पण सगळीकडे नको. रोमकरांस ५:१ मध्ये देवा*बरोबर* शांती आहे, तिथे भाव समेटाचा. वैर मिटलं, झालं. रात्री झोप लागो न लागो, ते बदलत नाही. फिलिप्पै ४:७ मध्ये देवा*ची* शांती आहे, ती अंतःकरणात अनुभवायची. पहिली दुसरीचा पाया. अनेक पत्रिका दोन्ही एकत्र कालवतात, आणि मग ज्याला आज चैन पडत नाही त्याला वाटतं, देवाशी आपलं बिनसलं.

त्याच ओवीत शांती अंतःकरणं 'राखील' असं आहे. ग्रीक क्रियापद लष्करी पहाऱ्याचं. दिमिष्कात (दमास्कसमध्ये) पौलाला धरायला नगरावर पहारा बसवला होता आणि तो पाटीत बसून तटावरून खाली उतरला (२ करिंथ ११:३२-३३), तिथेही हेच क्रियापद. 'राखील' फार नेमकं आहे, शेत राखतात तसं. 'शांत करील' असं सोपं करू नका. फक्त नाम करून 'राखणदार' लिहू नका, कोकणात त्याचा अर्थ गाव राखणारं दैवत.

आणि आधीची ओवी कापू नका. क्रम तिथे आहे: प्रार्थना, विनंती, आभार, मग मागणी कळवणं. मागणी पुरी होईल असं पुढे म्हटलेलं नाही, पहारा बसेल असं म्हटलंय. पौल हे कैदेतून लिहितोय.

दौतटाक

'परीक्षा' राहिली.

सोनारवाडा

ग्रीक पेरास्मॉस म्हणजे परीक्षाही आणि मोहही. याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात दोन्ही आहेत: ओवी २ व १२ मध्ये कसोटी, १३ मध्ये त्याच कुळातलं क्रियापद पापाच्या मोहासाठी, आणि तिथे याकोब बजावतो की देव कुणाला मोहात पाडत नाही. एकच मराठी शब्द दोन्हीकडे ठेवलात तर याकोब स्वतःलाच खोडतोय असं दिसेल.

'परीक्षा' म्हटलं की आज दहावी-बारावी आठवते. पास की नापास? कर्करोगाच्या रुग्णाला ते विचारू नये.

'कसोटी'ही जपून. कसोटी हा काळा दगड. सोनं घासायचं, उमटलेला कस बघायचा. त्यानं सोनं शुद्ध होत नाही, फक्त कळतं. १ पेत्र १:७ मध्ये विश्वासाची तुलना अग्नीत पारखलेल्या सोन्याशी आहे. सोनं १०६४ अंशांना वितळतं. हिणकस सोन्यात शिसं घालून तापवलं की शिशाबरोबर हीण जळतं आणि हाडांच्या राखेच्या मुशीत मुरतं, सोनं वर राहतं. मात्र पेत्र सोन्याला नाशवंत म्हणतो आणि विश्वासाला त्याहून मोलवान. उपमा इथवरच ताणावी. 'तुझ्यात हीण होतं म्हणून आजार आला' असा अर्थ निघाला तर पत्रिका फाडलेली बरी.

मी लिहीन 'संकट'. आणि याकोबाचा 'धीर' ठेवा. ग्रीक हुपोमोने, ओझ्याखाली टिकून राहणं. धीर खचतो, सुटतो, धरता येतो. मराठीत त्याची क्रियापदं तयार आहेत.

वसईकडचा

एक भान ठेवा. वाचक दोन परंपरांचे आहेत. एक प्रॉटेस्टंट; त्यांच्यातल्या स्कॉटिश मिशनसारख्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांमागे वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेचं लिखित निवेदन, आहे. त्याचा १८वा अध्याय खातरीवरच आहे, आणि खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ती मिळायला फार वाट पाहावी लागू शकते, असं तो मान्य करतो. आम्हा कॅथलिकांकडे त्रेंतच्या परिषदेनं (कॅथलिक धर्मसभेनं) १५४७ साली स्वतःच्या अंतिम तारणाबद्दल बिनचूक खातरी बाळगण्याला नकार दिला, विशेष प्रकटीकरण झालं असेल तेवढं सोडून. आमचा जोर 'आशे'वर. म्हणून 'मी तरणार याची मला खातरी' असं वाक्य दोघांच्या हातात एकसारखं चालणार नाही. 'देव विश्वासू आहे याची खातरी' दोघांना चालेल.

पिंपळपान

आणि विलापाला जागा ठेवा. स्तोत्र १३ च्या पहिल्या दोन ओव्यांत 'किती काळ' चार वेळा आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी उजेड नाही. तरीही ते प्रार्थनापुस्तकात आहे.

दौतटाक

सगळ्यांचे आभार. पहिलं पान असं करतोय:

'तुमचं मन आज थाऱ्यावर नसेल. देवानं विसार दिला आहे, तो परत घेत नाही. गलबत हलेल, नांगर तळाशी आहे. जे मागायचं ते मागा, जे समजत नाही ते विचारा. तुमच्या अंतःकरणावर त्याच्या शांतीचा पहारा असो. देव विश्वासू आहे, याची खात्री बाळगा.'

बांधावरचा

'बाळगा' काढा. बाळगायला ताकद लागते. 'देव विश्वासू आहे' इथेच पूर्णविराम द्या.

मोडीवाचक

आणि खात्री की खातरी, एक काय ते ठरवा. दोन्ही चालतात, पण बायबलातले उतारे खातरीचे असतील तर पत्रिकाभर खातरीच राहू दे.