मदत हवी आहे: प्रोस्टेटचं सीटी-एमआरआय फ्यूजन हाडांवर जुळतं, ग्रंथीवर नाही

घटप्रभाकाठ: बेळगावात प्रोस्टेट कॅन्सरच्या रेडिएशनच्या प्लॅनिंगचा सीटी आमच्याकडे होतो, एमआरआय बाहेरच्या सेंटरमधून येतो. निपाणीच्या एका रुग्णाचा प्लॅन अडलाय. २० फ्रॅक्शनमध्ये (बैठकांत) ६० ग्रे (रेडिएशनचा डोस), ग्रंथीत खुणेसाठी सोन्याचे ३ मार्कर, दोन स्कॅनमध्ये चार दिवसांचं अंतर. रिजिड फ्यूजनमध्ये (आकार न बदलता एक स्कॅन दुसऱ्यावर बसवताना) कंबरेची हाडं तंतोतंत बसतात, पण एमआरआयवरची ग्रंथी सीटीपेक्षा ६ मिमी मागे पडते. एमआरआय टी-टू (एमआरआयच्या चित्राचा एक प्रकार), ५ मिमी स्लाइस, दोन स्लाइसमध्ये १ मिमी गॅप. डिफॉर्मेबल (चित्र ताणून जुळवणारं फ्यूजन) लावून ओढून घेऊ का?

मार्कंडेय: नको. डिफॉर्मेबलने चित्र देखणं होईल, चूक तिथंच राहील. प्रोस्टेट हाडाला बांधलेली नसते. मागचा रेक्टम (गुदाशय) फुगला की ती पुढे सरकते. दोन्ही स्कॅनचा सॅजिटल (बाजूने दिसणारा उभा छेद) काढा आणि ग्रंथीच्या मागे रेक्टम किती रुंद आहे ते मोजून सांगा.

घटप्रभाकाठ: सीटीवर ४.९ सेमी, गॅसने भरलेला. एमआरआयवर २.८.

मार्कंडेय: म्हणजे खोट सीटीत आहे, एमआरआयला उगाच दोष दिला! गॅसवाल्या सीटीवर प्लॅन केलात तर रोजच्या उपचारात रेक्टम रिकामा असताना ग्रंथी मागेच राहणार. हाडांवर सेटअप (मशीनवर रुग्ण जुळवणं) करणाऱ्यांच्या डोसमधून तिचा मागचा भाग रोज निसटतो. फुगलेल्या रेक्टमवर प्लॅन झालेल्यांत आजार परतण्याचं प्रमाण जास्त दिसल्याचं २००५ सालीच छापून आलंय. रेक्टम ४ सेमीच्या वर असेल तर सीटी पुन्हा.

जोंधळा_भाकरी: एमआरआयही नवाच घ्या. ५ मिमी आणि गॅपमध्ये एपेक्स (ग्रंथीचं खालचं टोक) हरवतो, आणि एमआरआय हवा असतो तोच एपेक्स-बेससाठी (बेस म्हणजे वरचं टोक). सीटीवर काढलेली ग्रंथी साधारण ३० टक्के मोठी येते. डोसचं गणित मात्र सीटीवरच, एमआरआयच्या सिग्नलमध्ये इलेक्ट्रॉन डेन्सिटी (डोस मोजायला लागणारी ऊतींची घनता) नसते.

सेंटरला लेखी द्या: सपाट फळी, गुडघ्याखाली तीच उशी, ३ मिमी स्लाइस बिनगॅप, स्लाइस तिरके नकोत (निदानवाले ग्रंथीच्या कलाने तिरके घेतात), रेक्टममधली कॉइल (आत घालायचा सिग्नल-ग्राहक) नको, डिस्टॉर्शन करेक्शन (चित्राचा वाकडेपणा सुधारणं) चालू. वर एक ग्रेडिएंट-एको सिक्वेन्स (एमआरआयचा आणखी एक प्रकार) मागा. टी-टूवर सोनं जेमतेम दिसतं, यात काळा ठिपका उठून येतो. कॅल्शियम आणि बायोप्सीचं रक्तही काळंच दिसतं, म्हणून प्रत्येक ठिपका सीटीवरच्या पांढऱ्या मार्करशी पडताळा. सीटी २ मिमीचा ठेवा.

जुळवताना आधी मार्करमधली तीन अंतरं दोन्हीकडे मोजा. फरक २ मिमीच्या आत असेल तर मार्करवर रिजिड पुरे, ग्रंथी वळलेली असली तरी. जास्त असेल तर मार्कर सरकलाय किंवा ग्रंथीचा आकार बदललाय. मधल्या काळात हार्मोनचं इंजेक्शन (त्याने ग्रंथी आकसते) सुरू झालंय का?

घटप्रभाकाठ: नाही, अजून नाही. दोन्ही एकाच दिवशी बसवतो. मूत्राशय भरायला पाण्याचं कसं ठेवू?

मार्कंडेय: निपाणीच्या गाडीत पाणी प्यायला सांगू नका, वाटेतल्या हत्तरगीच्या आधीच पेशंट कासावीस होतो. बेळगावात पोचल्यावर शौच-लघवी उरकून ४०० मिली पाणी, ४५ मिनिटांनी सीटी. मग लघवी करून तेवढंच पाणी, तेवढाच वेळ, आणि एमआरआय. आदल्या दोन दिवसांत उसळ, कोबी बंद. सूचनेचा कागद मराठी-कन्नड दोन्हींत द्या, घरी कोण वाचून दाखवेल सांगता येत नाही.