मदत हवी आहे: नाशिक ते इंदूर सायकलवर आले, शेवटच्या २० किमीत पाय का गळाले?

नमस्कार मंडळी,

वय ४६, राहणार इंदूर, पाच वर्षं नियमित सायकल चालवते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही अकरा जण नाशिकहून सायकलने घरी आलो. मुक्काम मालेगाव, शिरपूर, खलघाट. चार दिवस, साधारण ४०० किमी. तीन दिवस काहीच त्रास नव्हता, शिरपूर-सेंधव्यामधला बिजासन घाटसुद्धा मजेत चढले.

चौथ्या दिवशी खलघाट सोडलं. नर्मदेच्या काठापेक्षा इंदूर जवळजवळ ४०० मीटर उंच आणि त्यातली बरीचशी चढण गुजरीनंतरच्या घाटात. मला त्याचीच धास्ती होती. पोट जड नको म्हणून सकाळी चहा-टोस्ट आणि धामनोदला अर्धी प्लेट पोहे, बस. घाट नीट चढले, बराच वेळ पुढेही होते. मानपूरला बाकीचे कचोरी खात होते, मला भूकच नव्हती. थंडीमुळे पाणीही जेमतेम एक बाटली गेलं असेल.

महूनंतर रस्ता सोपा. पण समोरून वारा होता आणि घर जवळ आलं म्हणून पोरांनी वेग २० वरून २५-२६ वर नेला. राऊच्या अलीकडे अचानक हात गार पडले, घाम सुटला, पुढच्या सायकलपासून किती अंतर आहे तेच कळेना. बाजूला थांबले. खिशात चिक्की होती, पण बोटं इतकी थरथरत होती की वेष्टन फाटेना. आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलाने ते फाडून चिक्की हातात दिली. म्हणाला, "मावशी, आता फक्त माझं मागचं चाक बघा, रस्ता मी बघतो." मला रडूच आलं. दुखत काही नव्हतं, तरी आलं.

आता माझा प्रश्न. चिक्की आणि गोड चहानंतर वीसेक मिनिटांत डोकं ताळ्यावर आलं, थरथर थांबली. पाय मात्र परत आलेच नाहीत. राजवाड्यापर्यंत अगदी हलक्या गिअरवर, तीनदा थांबत पोचले. नुसतं खाणं कमी पडलं असतं तर पायही सुधारायला हवे होते ना? की हा चार दिवसांचा साठलेला थकवा? सकाळी उठल्याउठल्या मी नाडी मोजते. पहिल्या दिवशी ६२ होती, चौथ्या दिवशी ७४. तेव्हा दुर्लक्ष केलं. परत आल्यावर डॉक्टरांना दाखवलं. हिमोग्लोबिन आणि साखर दोन्ही ठीक आहेत.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत हे माहीत आहे, म्हणजे एक-दोन केळी. पण घाट चढताना मळमळतं, घास उतरत नाही. अशा वेळी तुम्ही काय घेता? गूळपाणी-मीठ कोणी वापरलंय का, किती पातळ?

आणि ज्यांनी मोठ्या गटाबरोबर प्रवास केलाय त्यांनी हे जरूर सांगा: शेवटच्या दिवशी वेग कोण ठरवतं? आमच्यात ६१ वर्षांचे एक काका आहेत. तेही त्या दिवशी मागे पडले होते, पण बोलले नाहीत, आणि मीही बोलले नाही. फेब्रुवारीत इंदूर-बऱ्हाणपूर-इंदूर ठरलंय. परतीला बडवाह सोडलं की भेरूघाट, म्हणजे पुन्हा शेवटच्या दिवशीच चढण. सगळ्यांत हळू चालवणाऱ्याला पुढे ठेवावं असा माझा आग्रह आहे, पण पोरांना ते पटत नाहीये. तुमच्या गटात हे कसं जमवलंत?