प्रसूती रजेचा पगार एकट्या मालकाने का द्यायचा?

पगारपत्रक: 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 12 वरून 26 आठवड्यांची झाली. रजा हवीच, त्यावर वाद नाही. पण पगार द्यायचा मालकाने. 40 हजार पगाराची बाई रजेवर गेली की साधारण 2 लाख 40 हजार, बदली माणसाचे वेगळे. मोठ्या आयटी कंपनीला हे जाणवतही नाही. मी ज्यांचे पगार काढते त्या 12-15 माणसांच्या ऑफिसांत मात्र मुलाखतीतच "लग्न कधी?" विचारतात आणि मग "कळवतो" म्हणतात. औदार्य सरकारचं, पावती दुसऱ्याच्या नावावर.

लेथमास्तर: म्हणजे मालक बिचारा! रजा 12 आठवडे होती तेव्हा हा प्रश्न विचारत नव्हते का? आणि 26 आठवडे पहिल्या दोन मुलांपुरतेच. पोरगा सहा महिने काम शिकून शेजारच्या शॉपमध्ये पळतो, तो खर्च कुणी मोजत नाही.

पगारपत्रक: मालकाची वकिली नाही हो. भार कुठे पडतो ते बघा. पगार 21 हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळ. मालक पगाराच्या 3.25 टक्के वर्गणी भरतो, बाईसाठी तेवढेच पुरुषासाठी. 20 हजारांवर महिना 650 रुपये. रजेचे पैसे महामंडळ देतं, त्यामुळे बाई टाळून रुपयाही वाचत नाही. 21 हजारांच्या वर सगळं मालकावर. तिथेही असाच विमा हवा. आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) 2000 चा मातृत्व संरक्षण करारही हेच सांगतो: पैसा विम्यातून किंवा सरकारी निधीतून यावा. भारताने तो स्वीकारलेला नाही.

चहाबिस्किट: आणि 50 माणसं झाली की पाळणाघर सक्तीचं. बायका घ्यायला नको वाटतं ते त्यामुळेही.

पगारपत्रक: 50 मध्ये पुरुषही धरतात. बाई न घेऊन ते चुकत नाही.

लेथमास्तर: पैसे महामंडळाने दिले तरी मशीनवर कोण उभं राहणार? आमच्याकडच्या बायका ईएसआयसीतल्याच. दिवस गेल्याचं कळलं की कंत्राटदार पुढच्या महिन्यापासून बोलावत नाही. रजेत काढणं बेकायदा, म्हणून आधीच. शिवाय वर्गणी वाढवलीत तर ती आमच्याच पगारवाढीतून वळती होणार.

पगारपत्रक: कंत्राटदाराला विमा पुरत नाही, कबूल. तिथे तपासणीच हवी. वर्गणी वळती झाली तरी सगळ्यांची थोडी थोडी होईल. आज एकटीची अख्खी नोकरी जाते.

चहाबिस्किट: बापालाही सक्तीची रजा द्या. केंद्र सरकारी नोकराला 15 दिवस आहेत, खासगीत कायद्याने शून्य. मग मुलाखतीत पोरांनाही लग्नाचं विचारतील.

लेथमास्तर: 15 दिवसांसाठी कोण विचारतंय? 26 आठवडे द्या, मग बोलू.