काजूची बागायत वणव्यात जळाली, पावसाआधी काय करावं?

नमस्कार मंडळी,

गोव्यात सत्तरी तालुक्यात डोंगराच्या उतारावर आमची काजूची बागायत आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात वणवे पेटले, हेलिकॉप्टरने पाणी मारावं लागलं, तेव्हा आम्ही वाचलो होतो. यंदा ऐन बोंडू पिकायच्या दिवसांत आग वरून उतरली आणि अर्धीअधिक बागायत गेली. हुर्राक (बोंडूच्या रसाची दारू) राहू दे, बियासुद्धा हाती लागल्या नाहीत.

जमीन जांभ्याची. पावसाळ्यात धो धो कोसळतो, पण उतारावर पाणी ठरत नाही. दिवाळीनंतर सगळं कोरडं, आणि वर पाणी चढवायची सोय नाही. पहिले दोन उन्हाळे कळशीने जगवू, पुढे आपल्या जिवावर तगतील अशीच झाडं हवीत. वेंगुर्ला-४ किंवा ७ या काजूच्या जातींची कलमं, कडेला करवंद, खाली ओल असते तिथे भिरंड (कोकम), असं मनात आहे. शेजारी अकेशिया लावा म्हणतात. भराभर वाढतो खरा, पण मला तो नको.

खरा घोळ जळक्या झाडांचा आहे. काहींची साल नखाने खरवडली की आत हिरवी ओल लागते. एकाचं खोड वरच्या अंगाने निव्वळ कोळसा, खालच्या अंगाला मात्र शाबूत. बाबा म्हणतात, सगळं तोडून रान मोकळं करा. काय करू?

प्रतिसाद : दादा, घाईने कुऱ्हाड घालू नका. साल चहूबाजूंनी मेली असेल तेच झाड गेलं समजा. बाकीची कमरेइतकी ठेवून छाटा आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) फासा. अशक्त काजूवर खोडकिडा टपलेलाच असतो. धुमारे फुटले की जोमदार दोन-तीन ठेवून त्यांवर कलम बांधा. मुळं जुनी असल्याने नव्या रोपाआधी फळ धरतं. फांद्या उताराला आडव्या टाका, राखेबरोबर वाहणारी माती अडेल. उताराला आडवे, एका पातळीत जाणारे समपातळी चर मे महिन्यातच खणा, बांधावर वाळा लावा. आणि रानमोडीचं तण! जळक्या जागेत आधी तीच माजते, वाळली की पुढच्या वणव्याला सरपण. दिवाळीच्या सुमारास फुलते, त्याआधी उपटा.

धागाकर्ता : आभारी आहे, बाबांना वाचून दाखवतो. धुमाऱ्यांवर कलम बांधणारं कोणी वाळपईच्या आसपास आहे का? कलमकाड्या जुने गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेत मिळतात का?