मदत हवी आहे: फॅशन फोटोग्राफीचं प्रदर्शन, 84 मुलं आणि गाईड एकच

कलाशिक्षक_शिरपूर: पुढच्या आठवड्यात मुलांना प्रदर्शन दाखवायला नेतोय. तिथले म्हणतात, 20 च्या वर मुलं नकोत, गाईड एकच. कसं बसवायचं? उद्या यादी पाठवायची आहे, लवकर सांगा.

तापीकाठ: कुठे, कितवीची मुलं, वेळ किती, गाईड मराठी बोलतो का? काहीच सांगितलं नाही भो.

कलाशिक्षक_शिरपूर: मुंबई, फोर्ट. आठवी-नववी, मराठी माध्यम. 11 ते 2. गाईड हिंदी बोलेल.

भरीत_पुरी: 20 ची मर्यादा हॉलची की गाईडची, ते आधी फोन करून विचारा. गाईडची असेल तर 14-14 चे सहा गट करा आणि दोन-दोन आत सोडा. एक गट 25 मिनिटं गाईडकडे, दुसरा तुमच्याकडे, मग अदलाबदल. अदलाबदलीची 5 धरून जोडीला 55 मिनिटं, तीन फेऱ्यांची 165. उरलेली 15 दप्तरं जमा करण्यात जातात. गाईडला चारच फोटो निवडून द्या. सगळी भिंत दाखवायला गेला तर मुलं तिसऱ्या फोटोपासून चुळबुळ करतात. आत पेन चालत नाही, पेन्सिली न्या.

गिरणाकाठ: मुंबईला कशाला? चाळीसगावला स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घरच संग्रहालय आहे. टेबलावर वस्तू मांडून त्यांनी निसर्गदृश्यं उभी केली. मुलं घरी करून बघतील असं काम ते.

भरीत_पुरी: मूस मोठेच, पण धागा फॅशन फोटोग्राफीचा आहे.

गिरणाकाठ: प्रकाश दोन्हीकडे तोच असतो.

सावली_उजेड: हे मात्र खरं. म्हणून सुरुवात प्रकाशापासून करा, कपड्यांपासून नको. मॉडेलच्या डोळ्यातला पांढरा ठिपका बघायला सांगा. चौकोनी असेल तर खिडकी किंवा सॉफ्टबॉक्स (दिव्यावर लावायची पांढऱ्या कापडाची पेटी), गोल असेल तर बहुधा दिव्याला लावतात ती छत्री. मग नाकाची सावली कुठे पडली ते. त्यानंतर विचारा, झगा अंगाला इतका चपखल कसा? पुष्कळदा पाठीमागे चिमटे लावून आवळलेला असतो. हे कळलं की मुलं प्रत्येक फोटोत चिमटे शोधत बसतात. फोटोग्राफर रिचर्ड ॲव्हेडनचा, मॉडेल डोविमा आणि हत्तींचा फोटो (पॅरिस, 1955) असेल तर तिथे जास्त थांबा. हत्तीची सुरकुतलेली कातडी, शेजारी डिओर या फॅशन हाऊसच्या झग्याचा गुळगुळीत पट्टा, आणि हत्तीच्या पायातली साखळी. साखळी मुलांना आपोआप दिसू द्या, बोट दाखवू नका.

तापीकाठ: थोडा इतिहास नको का? फोटोग्राफर स्टायकेनने 1911 मध्ये फ्रेंच फॅशन डिझायनर प्वारेच्या पोशाखांचे फोटो काढले, तिथून सांगायला हवं.

सावली_उजेड: 25 मिनिटांत? तो वर्गात आदल्या दिवशी सांगा. आणि प्रिंट जपायला आत उजेड मंद ठेवतात. उन्हातून आलेल्या मुलांना दाराशी दोन मिनिटं थांबवा, नाहीतर पहिला फोटो वाया जातो.

केळीबाग: चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचे फॉर्म कधी निघतात कोणाला माहीत आहे का?

भरीत_पुरी: वेगळा धागा काढा.

कलाशिक्षक_शिरपूर: फोन केला. मर्यादा गाईडचीच. गट सहाच करतो. आदल्या रात्री दोन एसटीने निघू.

तापीकाठ: शाळेच्या सहलीला रात्रीच्या प्रवासाची परवानगी मिळणं अवघड. शिवाय 44 सीटच्या दोन गाड्या म्हणजे 88. मुलंच 84. शिक्षक चारच नेणार? मुली किती, शिक्षिका कोण, ते सांगा.

कलाशिक्षक_शिरपूर: मुली 39. शिक्षिका अजून ठरायच्या आहेत.

तापीकाठ: मग उद्या यादी कसली पाठवताय?