अर्थशास्त्राची चार वर्षं: गणित आधी की प्रश्न आधी?

आलेख:
भाचीने अर्थशास्त्राच्या पदवीसाठी आठ सत्रांचा आराखडा करून मला दाखवला. गणिताचे सगळे विषय तिसऱ्या वर्षात ढकललेत. म्हणे, आधी विषयाची गोडी लागू दे. माझा याला स्पष्ट विरोध आहे. इथे एका विषयाला दुसरा विषय बांधलेला असतो. कॅल्क्युलस नसेल तर दुसऱ्या पातळीचं मायक्रो (ग्राहक, कंपन्या, किमती यांचं अर्थशास्त्र) जमत नाही, संख्याशास्त्राशिवाय इकॉनोमेट्रिक्सला (आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासण्याचा विषय) प्रवेश मिळत नाही आणि इकॉनोमेट्रिक्स झाल्याशिवाय श्रम किंवा विकासाचे वरचे ऐच्छिक विषय बहुतेक ठिकाणी बंदच. त्यात असे विषय अनेकदा वर्षातून एकदाच शिकवले जातात. एक हुकला की वर्ष गेलं. मी संख्याशास्त्र लांबवलं, म्हणून इकॉनोमेट्रिक्स सातव्या सत्रात आलं आणि प्रबंधही तेव्हाच. आकडेवारी गोळा झाली होती, पण रिग्रेशनमधून (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजण्याची पद्धत) आलेल्या गुणकाचा अर्थ काय लावायचा ते कळेना. कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, संख्याशास्त्र हे सगळं पहिल्या चार सत्रांतच उरकावं.

रानवाट:
असहमत. अर्थशास्त्रज्ञ मार्शल यांनी 1906 मध्ये संख्याशास्त्रज्ञ बाउली यांना पत्रात लिहिलं होतं की गणित लघुलिपीसारखं वापरा, मग साध्या भाषेत मांडा, जगण्यातली उदाहरणं द्या आणि गणित जाळून टाका. गणिताआधी प्रश्न कसा कळतो, याचं उदाहरण घ्या: एप्रिल 1992 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन तासाला 4.25 वरून 5.05 डॉलर झालं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात वाढलं नाही. अर्थशास्त्रज्ञ कार्ड आणि क्रूगर यांनी दोन्हीकडच्या फास्ट फूड दुकानांतला रोजगार आधी आणि नंतर मोजला. मुळाशी आहे ती फरकांची वजाबाकी! पहिल्या वर्षाच्या मुलीला ही कल्पना नक्की कळते, आणि कळली की ती स्वतःहून संख्याशास्त्राकडे जाते. मी पहिल्या वर्षाला शिकवते. नुसते डेरिव्हेटिव्ह आणि मॅट्रिक्स करून, हेच अर्थशास्त्र असं समजून विषय सोडणारी चांगली मुलं मी पाहिली आहेत. पहिल्या वर्षात आर्थिक इतिहास हवाच. 1929 नंतरची महामंदी माहीत नसताना मॅक्रोचे (संपूर्ण देशाच्या अर्थव्यवस्थेचे) आलेख कशासाठी काढायचे?

आलेख:
मार्शल 1865 साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरे आले होते. जाळायला त्यांच्याकडे गणित होतं. आणि वजाबाकी सोपी असली तरी पेनसिल्व्हेनियाशीच तुलना का चालते, आलेला फरक निव्वळ योगायोगाचा नाही कशावरून, याचं उत्तर संख्याशास्त्रच देतं.

शून्यबेरीज:
तुम्ही दोघंही एकच विद्यार्थिनी डोळ्यांसमोर धरताय. पदवीनंतर तिला काय करायचंय? पीएचडी असेल तर अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज चौथ्या वर्षाच्या डिसेंबरात जातात. म्हणजे अर्जासोबत जातात ते मुख्यतः पहिल्या सहा सत्रांचे गुण. रिअल अ‍ॅनालिसिस (कॅल्क्युलसमागच्या सिद्धता शिकवणारा गणिताचा विषय) तोवर झालेलं हवं, आणि त्याआधी कॅल्क्युलस पक्कं. अशा वेळी आलेख म्हणतात तेच बरोबर. नोकरी करायची असेल तर रिअल अ‍ॅनालिसिसवाचून काही अडत नाही. पण तिसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत इंटर्नशिप करायची तर इकॉनोमेट्रिक्स पाचव्या सत्रापर्यंत व्हावं, सोबत आर किंवा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. एखादं सत्र परदेशी जायचं असेल, तर त्या सत्रात वर्षातून एकदाच येणारा सक्तीचा विषय नाही ना, हे आधी बघा.

रानवाट:
कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र पहिल्या वर्षात, हे मान्य करते. लिनिअर अल्जिब्रा तिसऱ्या सत्रात न्या. इतिहासाची जागा मात्र मी सोडणार नाही.

आलेख:
ती जागा राहू दे. कुठला विषय कोणत्या सत्रात मिळतो हे तिला विभागात जाऊन विचारायला सांगतो, मग आराखडा पुन्हा मांडू. शून्यबेरीज यांचा प्रश्न मी तिला विचारलाच नव्हता. आज विचारतो. तोवर पाचव्या सत्रात रिअल अ‍ॅनालिसिसपुरती जागा मोकळी ठेवायला सांगतो.